मंदार गुरुजींची विधिबंदी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
रविवार

तीर्थस्वरूप अनसूयाताईस धाकट्या श्रीधरचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं जिने चढू नको म्हटलं असताना तू सिल्लोडच्या उन्हात गच्चीवर पापड वाळवतेस, हे भावजींकडून कळलं. (ते तक्रार करत नव्हते, पापडांचं कौतुक करत होते.) आम्ही बापलेक इथं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

त्याचं असं झालं. शाळेतून निवृत्त झालो तरी इतिहास शिकवायची माझी खोड काही जात नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये मी 'मध्ययुगीन युरोपातलं चर्च' यावर व्याख्यान दिलं. लोक आले, कारण नंतर मिसळ होती. मी रंगात येऊन सांगितलं, की तिथं जन्मल्यावर पाणी शिंपडण्यापासून मेल्यावर मातीपर्यंत सगळं पाद्र्यांच्या हातात. राजानं पोपला दुखावलं तर पोप अख्ख्या देशातले विधी बंद करायचा, मग लोकच राजाला शिव्या घालायचे. एक जर्मन सम्राट तर माफीसाठी तीन दिवस बर्फात अनवाणी उभा होता! पहिल्या रांगेत आमचे मंदार गुरुजी पंचांगाच्या मागच्या पानावर हे उतरवून घेत होते. मला धन्य वाटलं, ताई. तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोरानं न सांगता टिपणं घेतली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीचा सेक्रेटरी या नात्यानं मी गुरुजींच्या स्कूटरवर 'बाहेरच्यांनी इथं गाडी लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. (नियम म्हणजे नियम.) संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप: सेक्रेटरी माफी मागेपर्यंत सोसायटीत एकही पूजा होणार नाही. दोन वास्तुशांती अडकल्या, एक बारसं अडकलं, आणि आवडाबाईंच्या सत्यनारायणाचा सव्वा किलो रवा डब्यातच राहिला. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून जे सुनावलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. दुसरा गुरुजी बघावा तर वाळूजपासून दौलताबादपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, "मंदार गुरुजींना विचारा." आणि आपल्या वैदेहीचं लग्न दोन महिन्यांवर!

आठ दिवस मी तत्त्वाला धरून राहिलो. नवव्या दिवशी भर उन्हात गुरुजींच्या दारात गेलो. (चप्पल घालून. आपल्याकडच्या मे महिन्यात तो सम्राटही घालून आला असता.) गुरुजी म्हणाले, "सर, तीन दिवसांचं राहू द्या, लई ऊन आहे. आत या." मी माफी मागितली, त्यांनी पन्हं दिलं, बंदी उठली.

घरी येऊन वैदेहीला ही बातमी दिली, तर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी नोंदणी कार्यालयात नोटीस देऊन आले. एका स्कूटरवरनं माझं लग्न अडणार असेल तर मला विधीच नकोत. तुम्हीच सांगितलं ना, पुढं लोक चर्चलाच जाब विचारायला लागले?" शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं होतं खरं. तोवर बाकीचे मिसळीकडं गेले होते. असो. मुलीनं स्वतः ठरवलं, मला अभिमान आहे. बापानं मधे पडू नये.

तुझा,
श्रीधर

ता. क. वैदेही तुझं ऐकते. तिला सहज फोन कर, मी सांगितलं म्हणू नको. मला तिच्यासमोर अंतरपाट धरलेला बघायचाय गं. तिची आई गेल्यापासून माझं रडू मी त्या मंगलाष्टकांसाठी राखून ठेवलंय, ते कार्यालयाच्या बाकावर कसं काढू?

ता. क. २. बी विंगमधल्या दोन मुलींनी वैदेहीकडून नोंदणी लग्नाच्या फॉर्मची माहिती नेली, तेव्हापासून गुरुजींना झोप नाही. हे पत्र त्यांच्याच ओट्यावर बसून लिहितोय. वरची रडण्याची ओळ त्यांनी सांगितली. पण ताई, ती खरी आहे.