निळ्यात की नारिंगीत

३ मार्च, मंगळवार

आज परत तेच! पुस्तकाच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं आणि ती उघडली नारिंगी प्रोग्राममध्ये. मापांचे सगळे तक्ते विस्कटलेले. छाती कमरेखाली गेलेली, कंबर पुढच्या पानावर. माझा निळा प्रोग्राम तिथेच आहे, पण त्याला कोणी विचारत नाही.

नारिंगी ह्यांनी आणला. वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला, फुकट मिळाला म्हणून. लिहा ना खुशाल. माझी फाइल त्यात कशाला उघडायची?

हे म्हणाले, "मी तुझ्या फाइलला हातसुद्धा लावत नाही." हं.

प्रकाशकांचा फोन होता. "बाई, वीस तारीख म्हणजे वीस. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." एकतीस वर्षं शिवणक्लास चालवून आत्ता कुठे एक पुस्तक होतंय. पुढच्या वर्षावर ढकलायला मी काही तरणी नाही.

४ मार्च, बुधवार

लेकीला फोन केला. तिने दोन मिनिटांत शिकवलं. फाइलवर उजवं बटण, मग 'ओपन विथ', मग निळा प्रोग्राम. आणि खालचं 'ऑलवेज' दाबायचं. "ते नाही दाबलंस ना आई, तर तेवढ्यापुरतंच होतं."

दाबलं. निळ्यात उघडली. मी म्हटलं, आता तुझे बाबा काय करतात बघते. त्यावर लेक इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

तक्ते सरळ करता करता कंबर मोडली. स्वतःची.

६ मार्च, शुक्रवार

छान दिवस. बाहीचं प्रकरण संपलं.

जेवताना सासूबाईंना म्हटलं, आई, चार वर्षांच्या मुलीचं माप म्हणून मी आपल्या पिवळ्या फ्रॉकचंच घेतलंय. लेकीचा तो पिवळा फ्रॉक, सगळ्या गल्लीने कौतुक केलेला. सासूबाई म्हणाल्या, "पुस्तक वाचून कुणाला शिवता येतं का?" आणि ताटातलं जेवत राहिल्या. शहाऐंशी वर्षांची बाई, पण जीभ अजून कात्रीसारखी.

स्वतः त्या अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायच्या. टेप न लावता, नुसतं माणसाकडे बघून. मी लग्न होऊन आले ती शिवणाचा डिप्लोमा घेऊन. झालं! बेचाळीस वर्षांत माझ्या एका टाक्याला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. पिवळ्या फ्रॉकला सुद्धा "घेर जास्त झालाय" एवढंच. मला अजून लागतं ते. खाष्ट ती खाष्टच.

बरं, हे इथे लिहायला हरकत नाही. वही संपल्यापासून रोजनिशी याच कॉम्प्युटरच्या मशीनवर टाइप करते. फाइलचं नाव ठेवलंय 'वाणसामान'. कोण मरायला उघडतंय!

९ मार्च, सोमवार

नारिंगी!! आणि तक्ते पुन्हा गेले.

ह्यांना समोर उभं केलं. "तुमची पत्रं उघडताना तुम्ही ते ऑलवेज दाबता." हे म्हणाले, "गेल्या महिन्यापासून पत्रंच लिहिलेली नाहीत. छापत नाहीत मेले." म्हणजे भूत येतं का घरात? उजवं बटण, ओपन विथ, निळा, ऑलवेज. आता डोळे मिटून करता येतं.

१० मार्च, मंगळवार

सकाळी निळा होता. क्लासहून आले तर नारिंगी. ह्यांच्याशी अबोला.

१३ मार्च, शुक्रवार

अबोल्याचा चौथा दिवस. हे मजेत. शीळ घालत शब्दकोडं सोडवतात. उद्यापासून बोलायला लागते, फायदा त्यांचाच होतोय.

कॉम्प्युटरसमोरची खुर्ची कुणीतरी खाली केली होती. माझे गुडघे हनुवटीला. एवढे उंच असून हे खुर्ची खाली का करतात?

१६ मार्च, सोमवार

स्वयंपाक राहू दे, आधी हे लिहिते.

शेवटची तपासणी करत होते. चार वर्षांच्या फ्रॉकच्या तक्त्यात मुंढा साडेपाच इंच. बरोबर आहे. पण मी साडेचार टाइप केला होता! कच्च्या कागदावर माझ्याच हाताने साडेचार लिहिलंय, तेच उतरवलं. तसंच छापलं असतं तर माझं पुस्तक वाचून शिवलेल्या एकाही फ्रॉकमध्ये पोरीचा हात गेला नसता. एकतीस वर्षं शिकवणाऱ्या बाई म्हणून शोभा झाली असती.

म्हणजे कुणीतरी नुसती फाइल उघडत नाही. वाचतंय. दुरुस्त करतंय.

ह्यांना विचारलं, मुंढा कशाला म्हणतात? "खांद्याचं काहीतरी असतं ना?" म्हणाले. हे नव्हेत.

१८ मार्च, बुधवार

क्लास अर्धा तास आधी सोडला. चपला दाराबाहेर काढल्या आणि आवाज न करता आत गेले.

सासूबाई. खुर्ची खाली करून, नाक पडद्याला लावून बसलेल्या. नारिंगी प्रोग्राम उघडा, आणि त्यात माझं पुस्तक. अक्षरं एवढी मोठी की एका पानावर चार ओळी. एका बोटाने खाली जात होत्या, ओठ हलवत वाचत होत्या.

मी तिथेच खाली बसले.

"आई, हे कधी शिकलात?"

"तुझ्या लेकीने शिकवलं, खटारा मशीन आहे म्हणाली, पण चालतं. त्या निळ्यात मोहरीएवढी अक्षरं असतात. दिसत नाहीत मला. म्हणून रोज ते ऑलवेज दाबते. तू रोज बदलून ठेवतेस."

"मला सांगायचं नाही का? मी ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही!"

"ते ऐकत होते मी. घरात छान शांतता होती." मग म्हणाल्या, "मुंढ्यात चूक होती."

मी म्हटलं, हो. रडू यायला लागलं म्हणून चहा ठेवायला उठले. हे दारात उभे होते. "माझी माफी मागायची तर रांग लावा," म्हणाले. मागितली.

१९ मार्च, गुरुवार

दिवसभर दोघी मशीनसमोर. त्या नारिंगीत वाचणार, मी मागून निळ्यात तक्ते सरळ करणार. दोन चुका आणखी सापडल्या. एक माझी, एक त्यांची समजूत. त्यावरून तासभर वाद. शेवटी फ्रॉकचा कागद कापून बघितला, मी जिंकले. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि "कागद आहे, कापड नाही" म्हणाल्या.

संध्याकाळी माझ्या हाताने उजवं बटण, ओपन विथ, नारिंगी, ऑलवेज. आता राहू दे तसंच. मला निळा हवा असेल तेव्हा मी निवडून उघडेन.

२० मार्च, शुक्रवार

फाइल गेली. प्रकाशक म्हणाले, "बाई, वीस म्हणजे वीस!" पुस्तक यंदाच येणार. सासूबाईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. तेवढंच.

२१ मार्च, शनिवार

'वाणसामान' उघडलं. सहा तारखेच्या खाली एक ओळ आहे, ती माझी नाही. एवढी मोठी अक्षरं या घरात एकच माणूस लिहितं. तिथून उचलून इथे ठेवते:

पिवळा फ्रॉक मी गल्लीभर दाखवून आले होते. माझ्या सुनेने शिवलाय म्हणून. तुला सांगायचं राहिलं. घेर मात्र जास्तच होता.