निकालाआधीचा फ्लेक्स

बाबा,

हे तुमाले धाडणार नाही, तरी लिहून राहिलो.

उद्या अकोल्यात मोटरसायकलची रेस आहे, अन् तुमी तिकडं घरी राजापेठेत माह्या अभिनंदनाचा फ्लेक्स आजच लावला. दादानं फोटो पाठवला. फ्लेक्सवर मी गाडीवर बसून हासून राहिलो, खाली सगळ्या काकायची नावं.

सकाळी सरावात हेल्मेटात मले श्वासच पुरेना. वळणावरच गाडी बाजूले घेतली. सगळ्यायले सांगतलं, इंजिन गरम झालं. मेकॅनिक तवापासून इंजिन खोलून बसला आहे, त्याले काहीच सापडून नाही राहिलं.

मंग तुमचा फोन आला. तुमी इचारलं, "गाडी बरी आहे ना?"

मी म्हणलं, बरी आहे. तुमी आणखी काही इचारसान म्हणून थांबलो.

"मंग झालं," तुमी म्हणले, अन् फोन ठेवला.

तुमचा
स्वप्निल