बगळे पुलावरचा नमस्कार

कागेमिया, बगळे पूल
आठव्या महिन्याची तेरावी

ती. चिगुसाताईस,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी खरा आहे. मी पालथा पडूनच लिहितो आहे.

परवा राजधानीत पोचलो. पूल ओलांडताना समोरून एक गृहस्थ आले. छातीवरचं चिन्ह पाहिलं तर सातवी पायरी, खालची बाजू. आपलीही तीच. मी गुडघे टेकून कपाळ फळीला लावलं. त्यांनीही लावलं. मी त्यांच्या उठण्याची वाट पाहत राहिलो, ते माझ्या.

इथली रीत तुला ठाऊक आहे. मोठा आधी उठतो. बरोबरीच्यांत जो आधी उठेल त्याने स्वतःला मोठं म्हणवून घेतलं असं होतं, आणि मग दुसऱ्याला तलवार काढावीच लागते. माझी तलवार तू भोपळा चिरायला घेतल्यापासून मुठीत हलते. त्यांची कशी आहे कोण जाणे. विचारणं बरं दिसत नाही.

आज तिसरा दिवस. पूल-रखवालदार दिवसातून तीनदा शिंग फुंकतो, तेव्हा दोघांनी एकदमच, मान खाली ठेवून, पन्नास पावलांच्या आत आपापली सोय बघून यायचं. पुढे गेलं तर पळाला असं धरतात.

पुढच्या पहिलीच्या, दरबारातल्या हजेरीचं लक्षात आहे. तीन पुकारांत आपल्या घरातून कुणी ओ दिली नाही तर नाव खोडतात, आणि तलवार, शेत, घर सगळं जातं. तू निघताना हे सात वेळा सांगितलं होतंस. अजून सतरा दिवस आहेत. तेवढ्यात ते उठतीलच.

राग येईल तो येऊ दे, पण उत्तर दे.

तुझा,
नागाहिसा


नुमाझावा
सोळावी

चि. नागाहिसास,

अ. आ. पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तू प्यालास.

बाबांच्या माघारी घरात तू एकटा पुरुष. तुला एवढंच काम दिलं होतं, की जायचं, ओ द्यायची आणि यायचं. पूल ओलांडायला जमेल का हे विचारायचं मला सुचलं नाही, ही चूक माझी. चिन्ह दिसलं तेव्हा आभाळाकडे बघत निघून जायचं होतं. करवसुलीवाला दिसला की सगळं गाव तसंच जातं.

भोपळ्याचं म्हणशील तर तो कापला गेला. तुझ्या हातून त्या तलवारीने आजवर काय कापलं ते कळव.

हे गृहस्थ कोण? त्यांना हजेरी नाही का? माणूस आडमुठा आहे की नुसता सभ्य, ते बघ. आडमुठ्याला उपाय असतो.

गुडघ्यांखाली काहीतरी घे. मुळ्याचं लोणचं जासुदाबरोबर धाडते आहे, ते एकट्याने खाऊ नकोस. माझं तुझ्यावर लक्ष आहे, प्रेमाचं नंतर बघू.

चिगुसा


बगळे पूल
एकोणिसावी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लोणचं मिळालं. दोघांनी खाल्लं.

त्यांचं नाव गेंगो ओदोमारी. राहणारे नदीकाठच्या सेमिगावाचे, वय एकेचाळीस, घरी कुणी नाही. तेही हजेरीलाच आले होते, रस्ता चुकून उलटे चालले होते. ते उठले नाहीत तर त्यांचंही घर बुडतं. तरी म्हणतात, की तुमच्या आधी उठून तुमचा अपमान करण्यापेक्षा घर बुडालेलं परवडलं. मीही तसंच म्हणालो.

माणूस सभ्य आहे. काल त्यांनी एक वाळवलेलं फळ अर्धं केलं आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी परत सरकवला. त्यांनी पुन्हा. दुपारी तो कावळ्याने नेला. आम्हा दोघांनाही जरा हायसं वाटलं.

मागे गर्दी वाढली आहे. सामुराई मान खाली घालून असताना खालच्या लोकांना मान वर ठेवून जाता येत नाही. त्यामुळे मासेवाल्या, दोन पैलवान आणि एक भटजी, सगळे आमच्या मागे पालथे आहेत. रांग बाजाराच्या वेशीपर्यंत गेली आहे. सारवाली रांगतच सार विकते. तिने मला विचारलं, की काय हो साहेब, तुमच्या गावाला पूल नाहीत का.

रखवालदार मात्र खूश आहे. म्हणतो, आजोबांच्या वेळचा अकरा दिवसांचा विक्रम मोडणार. त्या वेळी एक जण वारला, पण दुसऱ्याला तो मेला की सभ्यपणा करतोय हे कळेना.

ताई, अकरा दिवस उरले. आता मला भीती वाटते.

नागाहिसा


नुमाझावा
बाविसावी

चि. नागाहिसास,

अ. आ. भिऊ नकोस. मी हजेरीचा हुकूम काढून वाचला. त्यात ‘घरचं माणूस’ असं आहे. पुरुष असं कुठेच नाही. तेव्हा आपल्या घरासाठी मी ओ देऊ शकते. पण त्याने तू सुटत नाहीस, आणि ओदोमारींचं घर जातंच. त्यांनी माझं लोणचं खाल्लं आहे.

मामा आठव. जन्मभर बाबांपेक्षा अर्धी पायरी खाली बसले, कारण त्यांची बहीण इकडे दिली होती. राजधानीच्या कायद्यातही बहिणीचा नवरा अर्धी पायरी वर असतो. म्हणजे तुमच्यातली बरोबरी मोडायला एक लग्न पुरे. ते आधी उठतील, मग तू. तू आपल्या घराची ओ देशील, ते त्यांच्या.

मला चौतिसावं चालू आहे. आजवरची तीन स्थळं मी चेहरा बघून नाकारली. हे निदान चेहरा दाखवत नाहीत. तू त्यांना विचार. घोरतात का, न विचारता सल्ला देतात का, आणि दिसायला कसे आहेत हे तू सांग.

उत्तर लगेच पाठव. मी चपला बांधून बसले आहे.

चिगुसा


बगळे पूल
चोविसावी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. विचारलं. ओदोमारींनी कपाळ फळीला आणखी दाबलं. मला त्यांचं फक्त डोकं दिसतं, पण दोन्ही कान लाल झाले होते. मग म्हणाले, की असला मान खाली मान घालून स्वीकारणं बरं नाही, पण सध्या दुसरी सोय नाही.

घोरतात, पण झोपेत क्षमाही मागतात. सल्ला देत नाहीत. दिसायला म्हणशील तर टाळू चांगली आहे, मध्ये एक तीळ आहे.

आपला दोष त्यांनी स्वतःच सांगितला. मागे एकदा लग्न ठरलं होतं. दारात ते आणि सासरे एकमेकांना आधी आत जायला सांगत राहिले आणि मुहूर्त टळला. हे तुला कळवायलाच हवं असं त्यांचं म्हणणं.

मला विचारशील तर मी एवढे दिवस कुणाच्या इतक्या जवळ राहूनही कंटाळलो नाही. तू सोडून, असं लिहायला हवं होतं, पण तू ओळखशील.

लवकर ये.

नागाहिसा


सेमिगाव
नवव्या महिन्याची बारावी

चि. नागाहिसास,

दोघांचेही अ. आ. तू विचारलंस, की ओदोमारींच्या पुकाराला ओ मी कशी दिली आणि आम्हाला तिसऱ्या पुकारापर्यंत उशीर का झाला. तुला वरचं काही दिसलं नाही, आणि पुढचं बघायला तू थांबला नाहीस. म्हणून लिहिते.

पहिलीला सकाळी मी पुलावर आले तेव्हा दरबाराचा ढोल सुरू झाला होता. रांगेतल्या भटजीने पालथं पडूनच मंत्र म्हटले. लग्नाच्या रिवाजाचे तीन घोट, साराचेच, मी प्यायले, तीन यांना सारवालीने पळीने पाजले. मग तू यांना दाजी म्हणालास आणि उठा म्हणालास. हे तीनदा नको म्हणाले, चौथ्यांदा उठले. तू उठलास आणि वाकड्या पाठीने जो पळालास तो थेट दरबारात.

इथपर्यंत माझ्या हिशेबाप्रमाणे झालं. लग्नाचा शेवटचा नमस्कार मी विसरले होते. नवराबायको एकमेकांना करतात तो. यांनी गुडघे टेकले, मीही टेकले. नवरा मोठा, तेव्हा यांनी उठायचं. हे उठेनात. म्हणाले, की चार दिवस चालत आलेल्या बाईच्या आधी उठणं त्यांना जमायचं नाही. मी म्हटलं, अहो उठा, घर जाईल. म्हणाले, आधी तुम्ही. तिकडे ओदोमारींचा पहिला पुकार झाला. मागच्या मासेवाल्या, ज्या आत्ताच उभ्या राहिल्या होत्या, पुन्हा पालथ्या पडल्या. त्यातली एक काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

दुसरा पुकार झाला आणि मी उठले.

रखवालदार धावत आला. यांना विचारू लागला, की बायको आधी उठली, तुम्ही हा अपमान समजता का, तलवार काढणार का. हे म्हणाले, की वीस दिवस मान खाली घालून कोण मोठं याचाच विचार करत होतो, आज उत्तर मिळालं, आता जरा हात द्या. त्याने दिला नाही. मी दिला.

तिसऱ्या पुकाराला आम्ही दरबारात पोचलो, पण पळून यांना धाप लागली होती, म्हणून ओ मी दिली. चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. समोर आले की वाकतात.

मुळे उपटलेस का ते कळव. इकडची माया पूर्वीइतकीच आहे, फक्त आता दोघांच्या नावाने येईल.

तुझी,
चिगुसा