कडीला अडकवलेला मोगरा

उमरखेड, बुधवार, एप्रिल १९६१

या गावच्या शाळेत लागले तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या खोलीच्या कडीला मोगऱ्याची पुडी अडकवलेली असते. मी फुलं सांगितली नव्हती. गाव लहान, नव्या बाईचं कौतुक असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. खुशाल माळत होते. काय म्हणावं मला.

आज फुलवाले रहीमचाचा दारातच भेटले. फुलं कोण पाठवतं, विचारलं.

"तुमच्या घरमालकानं सांगतलं, बाईले रोज देत जा म्हनून. पहिलेच्या बाईलेही मीच देत होतो."

"त्या कुठे गेल्या?"

चाचांनी सायकल वळवली. मग हळूच म्हणाले, "काय मालूम. एक दिवस म्हने, चाचा, आता फुलं नका आनू. दुसऱ्या दिवशी खोलीले कुलूप."

समोरच्या ओसरीवर घरमालक बसले होते. आमच्याकडेच पाहत होते. हसून म्हणाले, "आज मोगरा नाही माळला, बाई?"

शाळेची पिशवी खांद्यावरच होती. तशीच निघाले, थेट आमच्या मुख्याध्यापिकांच्या घरी. पुडी वाटेत कुठे टाकली, आठवत नाही. हाताला वास अजून आहे.

"आज इथे झोपू का?" एवढंच म्हटलं.

त्यांनी आत घेतलं, दाराला कडी लावली, माझं अंथरूण स्वतःच्या शेजारी घातलं. का आलीस, हे विचारलंच नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि ती खोली मला त्यांनीच पाहून दिली होती.