काट्यांमागचे निळे दिवे

४ नोव्हेंबर

निळा! सगळा निळा! शाळेच्या मुलांना ने-आण करायच्या व्हॅनचा अख्खा डॅशबोर्ड निळा करून आणलाय ह्यांनी. मागे निळाशार उजेड आणि त्यावर वेगाचा काटा लालभडक, डिझेलचा काटा लालभडक. चावी फिरवली की सर्कशीचा तंबू पेटल्यासारखं! पन्नाशीला टेकलेला माणूस. टक्कल पडलंय, गुडघे कुरकुरतात, आणि ह्यांना गाडीत रंगीत एलईडी हवेत.

मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. "कसं वाटतं?" म्हणे.

मी म्हटलं, "मधल्या सीटचा स्पंज बाहेर आलाय, तो आधी शिवून घ्यायचा होता. मुलं उपटून उपटून एकमेकांवर फेकतात."

झालं. चावी बंद केली, वर आले, पेपर तोंडापुढे धरला. भिंतीशी बोललेलं परवडलं — निदान प्रतिध्वनी तरी येतो.

काम कोणाचं ते विचारायलाच नको. भाऊजींचं! ह्यांच्या धाकट्या भावाचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीटकव्हर, स्टिकर, भोंगे, असले दिवे. गिऱ्हाइकांना टोपी घालतात ते ठीक, आता सख्ख्या भावालाही?

६ नोव्हेंबर

व्हॅनमधल्या एका मुलाच्या आईचा फोन. "आमचा म्हणतोय, शाळेला विमानातून जातो!" ती हसली. मीही हसले. फोन ठेवला आणि भांडी आपटली.

७ नोव्हेंबर

गणवेशांची शिलाई अर्धवट टाकून भाऊजींच्या दुकानात गेले. मनात होतं ते सगळं ऐकवलं. शाळेच्या मुलांची गाडी आहे ती, खेळणं नाही; भावाला अक्कल शिकवायची सोडून त्याच्या नादाला काय लागता! दोन गिऱ्हाइकं उभी होती. असू देत.

भाऊजी खाली मान घालून स्टिकर कापत होते. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची चार असतात. आज एकच — "वहिनी, मी काही विकायला गेलो नव्हतो. दादाने मागितले."

"का पण?"

"दादाला विचारा."

कात्रीवरची नजर वर उचलली नाही. चोराच्या मनात चांदणं!

१० नोव्हेंबर

विचारलं. जेवताना नाही विचारलं, जेवण टाकून उठतात. दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधे विचारलं.

"मला आवडलं म्हणून."

आवडलं! एकवीस वर्षांत ह्या माणसाला काही म्हणून आवडलेलं नाही. भाजी — ठीक आहे. नवा पडदा — ठीक आहे. लेक बारावीला पहिल्या वर्गात आली — बरं झालं. माझ्याबद्दल तर सोडाच. आणि आयुष्यात पहिल्यांदा आवडलं ते काय? बल्ब!

लेक म्हणाली, "जाऊ दे ना आई, दिवेच आहेत." ही नेहमी बापाच्या बाजूची.

१३ नोव्हेंबर

आज नाक कापलं गेलं.

संध्याकाळी शाळा सुटली, मुलं आत बसली आणि व्हॅन चालूच होईना. बॅटरी मेलेली. बारा पोरं गाडीत, बाहेर अंधार पडत चाललेला, आणि फोन कोणाला? मला! गाडी कुठे आहे, पोरगं अजून आलं कसं नाही, तुम्हाला जबाबदारी कळते का. एकेकाला समजावता समजावता घसा बसला. शेवटी दुसऱ्या व्हॅनवाल्याने पोरं घरोघर पोचवली. तो आता चार गावांत सांगत फिरेल.

बॅटरीवाल्याकडे मीच गेले. त्याने पाच मिनिटांत सांगितलं. डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असतं, त्यामागच्या जुन्या बल्बमधून थोडा करंट अल्टरनेटरला जातो. तेवढ्यावर तो जागा होतो आणि बॅटरी भरायला लागतो. एलईडीतून तेवढा करंट जातच नाही. म्हणजे इतके दिवस गाडी बॅटरीतलं नुसतं खात होती, भरत काही नव्हती.

"तेवढा एक बल्ब जुना टाकला की झालं," तो म्हणाला. "बाकीचे राहू दे तसेच. मस्त दिसतात!"

मस्त! मी म्हटलं, "एक नाही. झाडून सगळे काढा. होते तसे पिवळे लावा."

"साहेबांना विचारलं?"

"साहेबांनी मला विचारलं होतं?"

१४ नोव्हेंबर

केलंच! सकाळची फेरी आटोपून हे झोपले होते. किल्ली उचलली, बॅटरीवाल्याच्या पोऱ्याला बोलावून व्हॅन नेली, डोळ्यांदेखत सगळा पॅनेल उघडायला लावला. निळे-लाल एलईडी कागदात बांधून आणले आणि ह्यांच्या उशाशी ठेवले.

उठल्यावर त्यांनी पुडी उघडून बघितली. खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. गाडीत बसून चावी फिरवली आणि नुसते बसून राहिले, काचेतून समोर बघत. बराच वेळ.

वर आल्यावर — "तू काढलेस?"

"मीच."

"बरं."

एवढंच. भांडले असते तर मजा आली असती. तरी खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं. चहा दोनदा केला.

१८ नोव्हेंबर

कोणाचा फोन नाही, कोणाची तक्रार नाही. सुटलो.

२१ नोव्हेंबर

अपघात!

व्हॅन दुभाजकावर चढली. संध्याकाळी, मुलं घेऊन येताना. पुढच्या सीटवर बडबडी होती. आमची सगळ्यात लहान सवारी, पहिलीतली, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत जिचं तोंड बंद नसतं म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. तिचं तोंड समोर आदळलं. पुढचे दोन दात गेले, ओठाला टाके पडले. बाकीच्यांना खरचटलंय.

हॉस्पिटलात गेले तेव्हा ती आईच्या मांडीवर बसून होती. एक शब्द नाही. ती पोरगी आणि एक शब्द नाही!

हे भिंतीला टेकून उभे. मी विचारलं, काय झालं? "काटा दिसेना," म्हणाले. "वेग किती ते बघायला खाली वाकलो."

माझेच पिवळे बल्ब! मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना, निळ्यात दिसतं म्हणून."

त्यावर जे बोलले ते माझ्याकडे न बघता.

"काट्याचं सोड गं. अंधार पडला की रस्ताच नीट दिसत नाही मला. दोन वर्षं झाली."

२२ नोव्हेंबर

दोन वर्षं! दोन वर्षं दर संध्याकाळी बारा मुलं मागे बसवून हा माणूस अंदाजाने गाडी हाकत होता! समोरच्या गाडीचे लाल दिवे धरून जायचो म्हणे. वळणं पाठ आहेत म्हणे. आपलं मूल असतं तर बसवलं असतं का असल्या गाडीत? हेच विचारलं. हे भात कालवत राहिले. मग मी ताट भिरकावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि भाऊजींना माहीत होतं! आज घरी आले तेव्हा दारातच धरलं. रडायला लागले. "वहिनी, मी म्हणत होतो डॉक्टरकडे चल. ऐकेना. लायसन जाईल म्हणाला. शपथ घातली. मग म्हटलं, निदान काटे तरी उठून दिसू देत."

निदान काटे! घर जळतंय आणि ह्यांनी दाराला रंग दिला! दोघेही भाऊ एका माळेचे मणी. मी त्यांना घरात घेतलं नाही.

आता एकेक आठवतंय. संध्याकाळी कुठे जायचं म्हटलं की कंटाळा. जिन्यात भिंतीला हात लावून चढणं. स्टुलाला ठेचकाळणं. मी शंभरदा म्हटलं असेल — आंधळे झालात का! आणि ते हसायचे.

हसायचे!

२३ नोव्हेंबर

सकाळी म्हणतात, "कुत्रं आडवं आलं असं सांगू या."

मी ऐकून घेतलं. चपला घातल्या. बडबडीच्या घरी गेले आणि तिच्या आईला खरं ते सांगितलं, उभ्याउभ्याच. कुत्रं नाही, काही नाही. ह्यांना अंधारात दिसत नाही आणि त्यांनी ते लपवलं. आणि गाडीतले दिसणारे दिवे मी काढायला लावले, तेही सांगितलं.

ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ओरडली नाही.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"एका घरात राहून?"

दार लावून घेतलं तिने. मी जिना उतरले ते कळलंच नाही. शिवी दिली असती तर परतवली तरी असती. ह्याचं काय करू? तिचं बरोबर आहे म्हणून आणखीच संताप येतोय, आणि कोणावर काढू तेही कळत नाही.

घरी येऊन बाकीच्या सगळ्यांना फोन केले. तेच सांगितलं. एका वडिलांनी पोलिसांत देईन म्हणून दम भरला. द्या म्हटलं. किल्ली माझ्या शिलाईच्या डब्यात, वर कुलूप.

हे ऐकत होते सगळं. शेवटचा फोन झाल्यावर म्हणाले, "मला जमलं नसतं."

माहीत आहे मला.

२६ नोव्हेंबर

व्हॅन खाली उभी आहे, चेमटलेल्या नाकाची. पाच-सहा घरांतून निरोप आलाय, दुसरा कोणी भरवशाचा चालवणार असेल तर मुलं पाठवू. कशी माणसं असतात! मी तर नसतं पाठवलं.

दुसरा कोण? घरातच आहे! लेक वीस वर्षांची घोडी झालीये. कॉलेज दुपारचं. सकाळची फेरी ती करेल, संध्याकाळी कॉलेजवरून परस्पर शाळेत जाईल. लायसन महिना-दीड महिन्यात येईल, तोवर तो दुसरा व्हॅनवाला सांभाळून घ्यायला तयार आहे. मी सगळं जुळवून आणलं आणि बाईसाहेब म्हणतात, "नाही."

का नाही? नाही म्हणजे नाही. भीती वाटते का? नाही. लाज वाटते बापाची गाडी चालवायला? नाही गं आई. मग? तोंडाला कुलूप.

बापावर गेलीये! तोच हट्ट, तेच तोंड शिवून बसणं. मी डोळे फोडून रात्रंदिवस गणवेश शिवायचे, आणि हिने नखे रंगवत बसायचं? वाट्टेल ते बोलले. स्वार्थी म्हटलं. खाल्ल्या मिठाला जागत नाहीस म्हटलं. बापाला अपघात करताना लाज वाटली नाही, तुला हातभार लावायला वाटते — असंही म्हटलं.

ह्यांनी मधे तोंड घातलं — "तिच्यावर जबरदस्ती नको." ह्यांनी! मी म्हटलं, तुम्ही तर बोलूच नका.

२७ नोव्हेंबर

लेक माझ्याशी बोलत नाही. मी तिच्याशी बोलत नाही. हे दोघींशी बोलतात, कोणी उत्तर देत नाही.

२९ नोव्हेंबर

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे. हे नको नको करत होते, मी भाऊजींना सांगितलं, उचलून आणा. तेवढा तरी उपयोग होऊ दे भावाचा. लेकीलाही चल म्हटलंय. म्हणाली, मी कशाला? मी म्हटलं, बापाने दोन वर्षं काय लपवलं ते नीट ऐक, म्हणजे गाडी शिकायची अक्कल येईल.

मोतीबिंदू निघाला तर बरं. काढून टाकतात, माणूस महिन्यात कामाला लागतो. सगळं परत बसवता येईल. पण मी एवढ्यावर सोडणार नाही. घरी आणून भांडणार आहे. मनात साठलंय अजून पुष्कळ.

३० नोव्हेंबर

मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या आतला पडदाच हळूहळू मरतोय. चष्मा नाही, ऑपरेशन नाही. डॉक्टरीण म्हणाल्या, हे रक्तातून उतरतं. घरात आणखी कोणाला अंधारात कमी दिसतं का?

मी म्हटलं, छे हो! आमच्याकडे कोणाला नाही.

मागच्या खुर्चीवरून लेक म्हणाली, "मला."