मागच्या पट्टीवरचे पाहुणे

देवाला स्मरून लिहिते की, मी खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा परवाच म्हणाला, "आई, तुझं डोकं फिरलंय." मला कोणी धाक घातलेला नाही की भुरळ पाडलेली नाही. भुरळ पडायला कान नीट लागतात, ते आता राहिलेले नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि दुसरे करण्याचा विचार नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व पुढचा ओटा, हे यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर झाले आहे. ते माझ्या मुलाला मिळावे. त्याला एक अट आहे. ती शेवटी लिहिते, म्हणजे तो सगळे वाचेल.

२. घरामागची मोकळी पट्टी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. शिवणाच्या पैशांतून मी ती माझ्या नावे घेतली. यजमानांचा किंवा मुलाचा त्यात छदाम नाही. चतुःसीमा अशी: दक्षिणेस माझे मागचे दार, पूर्वेस शेजारच्या मास्तरांची भिंत, पश्चिमेस सांडपाण्याची नाली (ती मास्तरांनी तुंबवली आहे, मी नाही), आणि उत्तरेस लष्करी तळाचे तारेचे कुंपण.

उत्तरेच्या सीमेबद्दल जास्त लिहावे लागेल, कारण सगळे भांडण तिथलेच आहे.

या कुंपणाची दुरुस्ती करणे ही माझ्या यजमानांची नोकरी होती. कुंपणाच्या आत जमिनीखाली गोदामे आहेत व त्यांत अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. मग एका हिवाळ्यात गेटसमोर रस्त्याकडेला बायकांनी तंबू ठोकले आणि धरणे धरले. त्यांत माझ्या नणंदबाई होत्या. चांगली इस्पितळातली नर्सची नोकरी सोडून आल्या. मी त्यांना वन्सं म्हणते, या कागदातही तसेच लिहिते.

त्या बायकांची रीत ठरलेली होती. अंधारात तार कापायची, आत जायचे, आणि बॉम्बच्या गाड्या सरावाला निघतात त्या रस्त्यावर मांडी घालून बसायचे. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. पहारेकरी येऊन पोत्यासारखे उचलून नेत. सकाळी यजमान पक्कड घेऊन जात आणि कापलेले बांधून येत. रात्री बहीण कापायची, दिवसा भाऊ बांधायचा, आणि त्यावर आमची चूल पेटायची.

तेव्हा वन्सं आमच्याकडे चहाला येत. म्हणत, "दादा, तुझी नोकरी माझ्यामुळे टिकलीय. पगारात माझा वाटा काढत जा." यजमान म्हणत, "जरा सरळ रेषेत काप गं. वाकडं कापलेलं बांधताना बोटं फाटतात." आणि दोघे हसत. मी हसत नसे. मी वन्संना एकदा विचारले, "सरकार तर सांगतं, ते वापरायचे नाहीतच, नुसते ठेवायचे आहेत. मग तुमचं काय जातं?" वन्सं म्हणाल्या, "वहिनी, वापरायची नाही अशी एक तरी वस्तू तुम्ही घरात ठेवता का?" मी दोऱ्याचे तुकडेसुद्धा वापरायचे म्हणूनच जपते. मी रागाने चहाच्या कपबशा उचलल्या.

पुढे तार कापणे म्हणजे सरकारी मालमत्तेचे नुकसान असे ठरले आणि वन्संना पाच महिन्यांची कैद झाली. सुटल्या त्या खोकतच. त्याच आठवड्यात त्या परत गेटवर जाऊन बसल्या. यजमान त्या दिवशी जेवले नाहीत.

माझे सासरे पिंजरे बनवीत. मुलाला व मुलीला त्यांनी एक गाठ शिकवली होती, तिला घरात उलटा पीळ म्हणत. तारेला असा पीळ घालायचा की ओढून, हलवून सुटत नाही, पण एका जागी अंगठ्याने दाबले की आपोआप उलगडतो. यजमानांनी त्या दिवसापासून कुंपण उलट्या पिळाने बांधायला घेतले. कोणाला सांगितले नाही. मलाही नाही. वन्संनी अंधारात तारेवरून हात फिरवला आणि त्यांना कळले. त्यानंतर तार कापावी लागली नाही. कापली नाही म्हणून नुकसान नाही, नुकसान नाही म्हणून कैद नाही. रात्रभर चौकीत बसवायचे आणि सकाळी सोडायचे. बायका आत येतात कुठून, हे वरच्यांना दोन वर्षे कळले नाही.

कळले ते एका पोपटामुळे. तळाच्या साहेबांनी यजमानांकडून बायकोच्या पोपटासाठी पिंजरा करून घेतला. यजमानांनी मन लावून केला, आणि दाराला घातला उलटा पीळ. साहेब रोज अंगठ्याने दाबून पोपटाला पेरू देत. एका सकाळी कुंपणाची तपासणी करताना त्यांनी सहज तारेवर अंगठा ठेवला.

मी यजमानांना म्हटले, "अहो, साहेबांच्या पिंजऱ्याला तरी साधी कडी लावायची होतीत!" ते म्हणाले, "पिंजऱ्याला दुसरं काही लावलेलं मी कधी पाहिलं नाही गं." त्यांना खरोखरच सुचले नव्हते.

नोकरी गेली. खटला नको आणि अर्धे निवृत्तिवेतन राहावे म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतले की, तंबूतल्या कोणत्याही बाईशी ते हयातीत संबंध ठेवणार नाहीत, बोलणार नाहीत. त्यांचा हात थांबला होता. मीच म्हटले, "करा सही. घर चालायला हवं." यजमान एकदा सही केली की मोडणारे नव्हते. मुलाचे कॉलेज सुटले, तो विजेच्या दुकानात लागला, आणि आत्याचे नाव घरात निघेनासे झाले. वन्सं एकदा दाराशी आल्या होत्या. मी दार उघडले नाही. त्या उभ्या राहिल्या आणि गेल्या.

त्यानंतर अकरा वर्षे भाऊ इकडे आणि बहीण तिकडे. गेटजवळच्या तंबूंतून आमची वाळवणाची दोरी दिसे. यजमान रोज सकाळी आपला करडा सदरा दोरीच्या उत्तरेकडच्या टोकाला घालीत. भिजलेला नसला तरी घालीत. मी काही दिवस म्हणत राहिले, "सुकलेला सदरा काय वाळवता?" मग माझ्या लक्षात आले आणि मी म्हणायचे सोडले. सदरा दिसला की दादा बरा आहे. ते किरकोळ आजारी असले की मी घालायची. ज्यावर सही केली त्या कागदात सदऱ्याबद्दल काही लिहिलेले नव्हते.

मागच्या वर्षी यजमान मोठ्या इस्पितळात, शहरात गेले, आणि तिथेच संपले. अंत्यविधीही तिकडेच उरकला. मी घरी आले. इस्पितळातले कपडे तसेच ठेवणे मला जमले नाही, म्हणून धुतले. धुतले आणि दोरीवर घातले. सदरा हाताने सवयीने नेहमीच्या जागी घातला. त्या वेळी माझ्या डोक्यात काहीही नव्हते, हे देवाला ठाऊक आहे.

वन्संनी तो पाहिला. काही दिवस दोरी रिकामी पाहून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. सदरा दिसल्यावर त्यांनी सगळ्या तंबूंत चहा दिला, दादा बरा होऊन घरी आला म्हणून. पुढे पोस्टमन त्यांच्याशी भाऊ गेल्याबद्दल सांत्वनाचे चार शब्द बोलला, तेव्हा त्यांना कळले.

त्या आल्या. या वेळी मी दार उघडले. वन्सं रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "वहिनी, सदरा कशाला घातलात हो दोरीवर?"

मी म्हटले, "धुतला होता, म्हणून."

माझ्या आयुष्यात यापेक्षा वाईट उत्तर मी कोणाला दिलेले नाही. मी रोज जपमाळ ओढते आणि सगळ्यांना सुखी ठेव म्हणते. माझ्या पाठीमागे, मागच्या दारापलीकडे, सगळ्यांना एका दमात जाळतील अशा वस्तू ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर माझ्या घरची बाई थंडीत बसली होती. जप करताना मान वळवायची नसते असे मला शिकवले होते. मी कधीच वळवली नाही.

या हिवाळ्यात कोर्टाने हुकूम दिला की गेटसमोरचा रस्ता मोकळा करावा. तंबूंना जागा उरली नाही. वन्सं मागायला आल्या नाहीत. मीच काठी टेकत गेले आणि म्हटले, "वन्सं, पट्टी रिकामी आहे."

"आणि दादाची सही?"

"सही त्यांची होती. माझी नाही."

आता पट्टीवर पाच तंबू आहेत. त्यांत राहणाऱ्या सहाजणींपैकी चौघी म्हाताऱ्या आहेत, दोघी तरुण. फौजदार विचारायला आले. मी म्हटले, माझ्या मालकीच्या जागेत माझे पाहुणे आहेत. "किती दिवस राहणार?" "पाहुण्यांना असं विचारतात का? तुम्ही तुमच्या सासूला विचारता का?" फौजदार म्हणाले, "विचारावंसं फार वाटतं हो आजी," आणि चहा पिऊन गेले.

मी आहे तोवर त्या पाहुण्या आहेत. मी गेल्यावर त्या कोणाच्याच नाहीत, यासाठी हा कागद. तळाला तिथे दुसरे कुंपण घालायचे आहे आणि त्यांचे लोक माझ्या मुलाला भेटून गेले आहेत. मुलगा म्हणतो, "त्या बाईपायी बाबांची नोकरी गेली, आणि तू तिला जमीन देतेस?" मी म्हटले, "बाई नाही, आत्या म्हण." तो उठून गेला. त्याचेही खोटे नाही. त्याचे कॉलेज कोणी परत देणार नाही.

म्हणून पट्टीची व्यवस्था अशी: माझ्या पश्चात ती वन्संना, व त्यांच्यानंतर तिथे अण्वस्त्रांविरुद्ध शांततेने धरणे धरून बसेल त्या बाईला, वापरण्याचा हक्क राहील. पट्टी विकता, गहाण ठेवता किंवा तळाला देता येणार नाही. ज्या दिवशी शेवटचा बॉम्ब या तळातून कायमचा जाईल, त्या दिवशी पट्टी माझ्या मुलाची. त्याला ती लवकर हवी असेल तर त्याने आत्याशेजारी जाऊन बसावे. माणसे जितकी जास्त तितके काम लवकर होते.

३. यजमानांची पक्कड व उरलेली तारेची भेंडोळी वन्संना द्यावीत. कापण्यासाठी वापरू नये असे लिहिणार होते. लिहीत नाही.

४. शिवणयंत्र सुनेला. तिला शिवता येत नाही, पण मी मेल्यावर तिला शिकायला सवड मिळेल, मध्ये बोलायला कोणी नसेल. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी सुनेलाच नेमते. ती मला उलट बोलते, पण तोंडावर बोलते आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. नवऱ्याच्या दबावाखाली येईल अशी तर ती मुळीच नाही, याची शेजारीपाजारीही साक्ष देतील.

५. बँकेतल्या ठेवीतून अंत्यविधी साधा करावा, जेवणावळ घालू नये. उरेल त्यातून तंबूंसाठी दर हिवाळ्याला घोंगड्या घ्याव्यात. सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू नये. त्याने "तंबूवाल्यांना माल मिळणार नाही" अशी पाटी लावली होती आणि मी तरीही वर्षानुवर्षे त्याच्याकडून साखर आणली, कारण ती दोन पैशांनी स्वस्त होती. आता मेल्यावर तरी महाग घ्यावी.

६. देवाची तसबीर मुलाकडे. जपमाळही वन्संना. त्यांचा देवावर विश्वास नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी ती नुसती ठेवावी. वापरायची नाही अशी एक वस्तू त्यांनीही ठेवून बघावी.

७. आता घराची अट. मी गेल्यावर माझी शाल किंवा कोणताही कपडा दोरीवर घालू नये. माझ्या मुलाने, दुसऱ्या कोणाला न पाठवता, मागच्या दाराने पट्टीवर जावे आणि आत्याला तोंडाने सांगावे की आई गेली. आणखी कोणी सांगण्याआधी सांगावे. त्यांनी बस म्हटले तर बसावे. चहा दिला तर पूर्ण प्यावा. ते झाल्यावर सुनेने घराच्या किल्ल्या त्याच्या हातात द्याव्यात, आधी नाही.

हे लिहून झाल्यावर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. वन्संना यात लाभ असल्याने त्या साक्षीदार होऊ शकत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून त्या बाहेर उभ्या आहेत. मघाशी हाक मारून म्हणाल्या, "वहिनी, किती लिहिताय? चहा निवतोय."

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर, मागचे दार उघडे.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.

सही: पट्टीची मालकीण (सही माझी आहे)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी नाडी पाहिली व शुद्धीची खात्री केली.

साक्षीदार दुसरे: तळाच्या गेटवरील निवृत्त पहारेकरी. वन्संना उचलून उचलून यांची कंबर गेली, तरी स्वतःहून सहीला आले.