बुडालेल्या राज्याचे वर्ष

ब्रॉसार्ड, कॅनडा, १८ जानेवारी २००९

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार. तुझ्या शंतनूने तुम्हा उभयतांचे कॅल्गरीला कायमचे येण्याचे कागद भरले आणि धरमपेठेतील तुझ्या घराचे विक्रीखत फेब्रुवारीअखेर होणार, हे तुझ्या पत्रातून कळले. ‘तुझ्या पत्रांनीच मला धीर दिला,’ असे तू लिहिलेस. ते वाक्य मी चार वेळा वाचले.

दर मंगळवारी आमचा नंदन मला वाचनालयात सोडतो. एरवी मी बेसमेंटमध्ये असतो. माझी खिडकी जमिनीलगत आहे. बर्फ पडला की तीही बुजते, एरवी जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसतात. माझीच नात ऊर्मी माझ्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देते, पाहुण्याला द्यावीत तशी, अत्यंत नम्रपणे.

वाचनालयात दोन समवयस्क भेटतात, चीनचे लिआंग आणि कोरियाचे पाक. गेल्या मंगळवारी पाक अभिमानाने सांगत होते, की चीनमधले मिंग घराणे बुडाले, मांचूंचे राज्य आले, तरी त्यांचे पूर्वज दोनशे वर्षे खाजगी लेखांवर मिंगांच्या अखेरच्या सम्राटाच्याच शकाचे वर्ष घालत राहिले. खरी संस्कृती आता आपल्याकडेच उरली, अशी त्यांची खात्री होती. त्यांचे दूत जुन्या मिंग वेषात पेकिंगला जात, मांचू सम्राटापुढे लवत आणि रोजनिशीत त्याला रानटी म्हणत. लिआंग हसले. चिनी दरबार कोरियाला विनयशील देश म्हणून गौरवीत असे, हे त्यांनी मान्य केले, मग हळूच म्हणाले, “पण तुमचे दूत रस्त्याने निघाले, की नाटकवाले आले म्हणून आमची पोरे मागे धावत.” पाक रागावले नाहीत. चीनमधले काही वृद्ध त्या जुन्या वेषाच्या बाह्या हाती घेऊन रडत, एवढेच ते म्हणाले.

मला मात्र माझीच पत्रे आठवली. मीही पत्रांत कॅनडापुढे लवत आलो आणि रोजनिशीत निराळेच लिहीत आलो. स्वच्छ रस्ते, सूनबाई अस्मिताची सेवा, ऊर्मीची बक्षिसे, सारे खरे होते. पण येथे दूध आणायलाही कुणाची तरी मोटार लागते आणि दिवसभरात माझ्याशी चार पूर्ण वाक्ये कोणी बोलत नाही, हे मी कधी कळविले नाही. नागपूरचेही जे चित्र मी मनात जपले, ते मी निघालो त्या २००१ सालचे आहे. तेथे आता कोण उरले, हे मी तुला एकदाही विचारले नाही.

म्हणून विनंती, की तू ये, नातवंडांना भेट, एक हिवाळा राहून पाहा. परंतु घर विकू नकोस. हा सल्ला निःस्वार्थ आहे असे मात्र समजू नकोस. माझे घर मी येण्यापूर्वीच नंदनच्या शब्दाखातर विकले. मला परत यायचे आहे, विलास, आणि जिथे उतरता येईल असे तुझ्याखेरीज एकही दार मला आठवत नाही. तुझी मागची खोली मला देशील का? नंदनला अद्याप सांगितलेले नाही. तुझे उत्तर आले, की सांगेन.

आजवर तुला अर्धेच लिहिणारा,
तुझाच
देवदत्त